‘फॉन्टची फाइल बदलली आणि दोष गेला’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

एनजीयूआय हे युनिटी या खेळ बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पडद्यावरची बटणे, मजकूर वगैरे मांडण्याचे टूलकिट. त्यातील डायनॅमिक फॉन्टविषयीच्या (म्हणजे ज्याची अक्षरे खेळ चालू असताना, लागतील तशी रेखली जातात अशा फॉन्टविषयीच्या) माझ्या लेखावर आपण तीन आक्षेप घेतले आहेत. आपल्याकडे फॉन्टची फाइल बदलताच दोष नाहीसा झाला, तेव्हा अक्षरे विस्कटण्याचे मी दिलेले कारणच चुकीचे आहे, हा पहिला. सगळी अक्षरे खेळ सुरू होतानाच मागवून ठेवण्याचा माझा उपाय चालत नाही, हा दुसरा. आणि २०१४ मध्ये युनिटी ४.६ बरोबर पडद्यावरच्या मांडणीची नवी (यूआय) प्रणाली आल्यावर या जुन्या टूलकिटवर वेळ घालवण्यात अर्थ नाही, हा तिसरा. यांपैकी दुसरा आक्षेप पूर्णपणे बरोबर आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

‘रिक्वेस्ट कॅरेक्टर्स इन टेक्स्चर’ या फंक्शनला अक्षरांची यादी दिली की ती अक्षरे फॉन्टच्या टेक्स्चरवर, म्हणजे सगळी अक्षरे साठवणाऱ्या एका चित्रावर, रेखली जातात, हे खरे आहे. परंतु जागा संपल्यामुळे ते टेक्स्चर पुन्हा बांधावे लागले, तर त्यात शेवटच्या फ्रेममध्ये वापरलेली किंवा मागितलेली अक्षरेच राहतात. खेळ सुरू होताना एकदाच मागवलेली बाकीची अक्षरे बाहेर फेकली जातात. युनिटीच्या दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलेले आहे आणि मी ते वाचलेही होते. माझ्या चाचणीत टेक्स्चर कधी भरलेच नाही, त्यामुळे उपाय लागू पडल्यासारखा दिसला. लेखातील तो परिच्छेद मी काढून टाकला आहे.

पहिला आक्षेप मात्र मला मान्य नाही, आणि त्याचे कारण आपल्याच वर्णनात आहे. ‘गुण’ या शब्दाच्या जागी कुठल्यातरी आकड्याचा खालचा अर्धा भाग आणि ‘म’ची दांडी दिसत होती, असे आपण लिहिले आहे. फाइल सदोष असती तर अक्षर गाळले गेले असते, रिकामा चौकोन आला असता किंवा प्रत्येक वेळी तोच चुकीचा आकार दिसला असता. दुसऱ्या अक्षरांचे तुकडे दिसतात याचा अर्थ टेक्स्चर नवे झाले आहे आणि लेबल (पडद्यावर मजकूर दाखवणारा घटक) मात्र जुन्याच जागांवरून अक्षरे उचलत आहे. पुनर्बांधणीत प्रत्येक अक्षराची जागा बदलू शकते, आणि ही बातमी लेबलपर्यंत पोहोचावी लागते. युनिटी ४ मध्ये ती प्रत्येक फॉन्टच्या स्वतंत्र कॉलबॅकमधून (बदल झाला की आपोआप बोलावल्या जाणाऱ्या फंक्शनमधून) येत असे. युनिटी ५ पासून ‘टेक्स्चर रीबिल्ट’ ही सर्व फॉन्टांसाठी एकच घटना झाली. आमचा प्रकल्प नव्या आवृत्तीत आणताना आमच्यापैकी कोणीतरी (ते मीच असण्याची शक्यता अधिक) त्या कॉलबॅकची जुनी ओळ कमेंट करून, म्हणजे निष्क्रिय करून, टाकली होती, आणि त्यानंतर आमच्या लेबलांना काही कळतच नव्हते. आपण फाइल बदलली तेव्हा आपल्याला एक कोरे टेक्स्चर मिळाले, एवढेच झाले. ते भरले की तुकडे पुन्हा दिसू लागतील.

ते इतक्या लवकर का भरते, हे मूळ लेखात नीट आले नव्हते. डायनॅमिक फॉन्टमध्ये एकच अक्षर दोन आकारांत हवे असेल तर ते दोनदा साठवले जाते. ठळक आणि तिरपे रूप आणखी वेगळे. आता लेबलचे ओव्हरफ्लो (मजकूर चौकटीत मावला नाही तर काय करायचे ते) ‘श्रिंक कंटेंट’वर, म्हणजे मजकूर लहान करण्यावर, असेल आणि अक्षरे रेखीव ठेवणारे ‘कीप क्रिस्प’ चालू असेल, तर मजकूर चौकटीत मावेपर्यंत एनजीयूआय आकार एकेका अंकाने उतरवत जाते आणि प्रत्येक पायरीवर अक्षरे नव्याने मागवते. ४८ पासून ३० पर्यंत उतरायचे म्हटले तर १९ आकार होतात. मजकुरात २५ वेगवेगळी अक्षरे असतील तर ४७५ प्रती, आणि प्रत्येक अक्षराला त्या त्या आकाराचा पूर्ण चौकोन धरला तर सुमारे ७ लाख ३७ हजार पिक्सेल. १०२४ × १०२४ च्या टेक्स्चरमध्ये एकूण जागा साधारण १० लाख ४८ हजार पिक्सेलची असते. प्रत्यक्षात बहुतेक अक्षरे चौकोनापेक्षा लहान असतात हे मान्य करूनही, एका लेबलने एवढी जागा खावी हे फारच झाले.

म्हणून मी आता असे सुचवेन की संपूर्ण खेळासाठी तीन-चार आकार ठरवावेत, गुणांसारख्या सतत बदलणाऱ्या लेबलांवरचे ‘श्रिंक कंटेंट’ काढावे आणि पुनर्बांधणीची घटना आली की दिसणारी सर्व लेबले ‘बदललेली’ म्हणून चिन्हांकित करावीत. त्या घटनेच्या आतच नवी अक्षरे मागवू नयेत, कारण त्यातून दुसरी पुनर्बांधणी सुरू होऊ शकते.

तिसऱ्या आक्षेपाविषयी थोडक्यात. नवा प्रकल्प असेल तर मीही एनजीयूआय घेणार नाही. २०१७ मध्ये युनिटीने आपल्याकडे घेतलेल्या टेक्स्टमेशप्रो या मजकूर दाखवण्याच्या साधनामध्ये एकच अक्षर अनेक आकारांत स्वच्छ दिसते, त्यामुळे वरचे गणितच उरत नाही. पण तेवढ्याने मराठी नीट दिसेल, ही अपेक्षा बरोबर नाही. एनजीयूआय, युनिटी ४.६ मधील ‘टेक्स्ट’ हा घटक आणि प्रचलित टेक्स्टमेशप्रो ही तिन्ही देवनागरीची जुळणी स्वतः पूर्ण करत नाहीत. ‘कि’मधली वेलांटी ‘क’नंतर पडते आणि ‘अर्क’मधला रफार ‘क’च्या डोक्यावर चढत नाही. आम्ही मजकूर आधीच कृतिदेव या युनिकोडपूर्व फॉन्टच्या धर्तीवरील जुन्या मांडणीत रूपांतरित करून ठेवतो. तिच्यात वेलांटी, रफार आणि अर्धी अक्षरे यांना स्वतंत्र संकेत असल्याने लेबलला ती फक्त ओळीने मांडावी लागतात. खेळाडूने स्वतः टंकलेले नाव मात्र दर वेळी रूपांतरित करावे लागते, आणि ‘दर्या’ व ‘दऱ्या’ यांतला फरक टिकतो का हे हाताने तपासावे लागते.

फाइल बदलण्यापूर्वीची प्रत आपल्याकडे असेल, तर ती दहा-पंधरा मिनिटे खेळून, तुकडे दिसू लागण्याच्या जरा आधी, फॉन्टचे टेक्स्चर युनिटीच्या इन्स्पेक्टर या खिडकीत उघडून पाहावे आणि त्यात ‘०’च्या किती प्रती आहेत त्या मोजाव्यात. दोन-तीनच निघाल्या, तर पहिल्या आक्षेपाबाबतही मला माझे म्हणणे मागे घ्यावे लागेल.