भुग्याने क्लच धरत नाही

ऑटोमॅटिक गाडी दीड लाख किलोमीटरच्या पुढे गेली की तिच्या गिअरबॉक्सचे तेल मुळीच बदलू नये, असा सल्ला व्हॉट्सॲपवर आणि गॅरेजच्या बाकावर सारख्याच आत्मविश्वासाने दिला जातो. त्यासाठी चार कारणे सांगतात: जुन्या तेलातला भुगाच झिजलेल्या क्लचला पकड देतो, नवे तेल साचलेली घाण सोडवून तेलाचे मार्ग तुंबवते, तेल बदलल्यावर गिअरबॉक्स बसल्याची उदाहरणे आहेत, आणि मुळात कंपनीनेच ते तेल आयुष्यभरासाठी भरलेले असते. येथे टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची शक्ती तेलाच्या माध्यमातून गिअरबॉक्सला देणारा भाग) असलेल्या गिअरबॉक्सपुरतेच लिहितो. एएमटी (साध्या गिअरबॉक्सचे क्लच आणि गिअर यंत्राने बदलणारा प्रकार) आणि सीव्हीटी (ठरावीक गिअरांऐवजी पट्टा आणि पुलींवर चालणारा प्रकार) यांचे तेल वेगळे आणि हिशेबही निराळा.

पहिले कारण ऐकताक्षणी पटते, म्हणूनच ते नीट तपासले पाहिजे. गिअरबॉक्सच्या आतल्या क्लचच्या चकत्यांची पकड त्यांच्या अस्तरावर, पिस्टनमागच्या तेलाच्या दाबावर आणि तेलातील घर्षण आवरणाऱ्या रसायनांवर अवलंबून असते. अस्तरातून सुटलेला भुगा तेलात तरंगत फिरतो, पण त्याने अस्तराची गेलेली जाडी भरून निघत नाही. उलट व्हॉल्व्ह बॉडीतल्या, म्हणजे तेलाचा दाब हव्या त्या क्लचकडे वळवणाऱ्या भागातल्या झडपा ज्या अतिशय बारीक जागेत सरकतात तेथे तो भुगा आणि विशेषतः लोखंडी कण घासत राहतात, दाब गळू लागतो, आणि दाब उतरला की क्लच घसरतो, तापतो व आणखी भुगा सोडतो. या दाव्यात सत्याचा अंश एवढाच, की ती रसायने संपत आल्यामुळे शेवटच्या घटका मोजणारा क्लच जुन्या तेलात थोडा जास्त धरू शकतो आणि ताज्या तेलात त्याचे घसरणे उघडे पडते. अस्तर मात्र त्याआधीच गेलेले असते.

घाण सुटण्याची भीती यंत्र लावून, रसायन घालून, दाबाने तेल फिरवण्याच्या पद्धतीबाबत रास्त आहे. जुन्या गाडीला ते करूच नये, असे माझेही मत आहे. पण खालचा बोल्ट काढून तेल सोडणे आणि तेवढेच भरणे ही वेगळी गोष्ट आहे. बरेच तेल टॉर्क कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये राहते, त्यामुळे समजा १० लिटरपैकी एका वेळी ४ लिटरच निघाले, तर तीनदा केल्यावर साधारण ७८ टक्के तेल नवे होते आणि बदल हळूहळू होतो. शक्य असेल तेथे पॅन (गिअरबॉक्सच्या तळाचे तेलाचे भांडे) उतरवून फिल्टरही बदलावा. माझ्या गाडीच्या पॅनमधल्या चुंबकावर ओल्या राखेसारखा करडा लेप होता. बोटांवर चोळला तर मऊ लागला, तेव्हा जीव भांड्यात पडला. तेथे टोचणारे, चकाकणारे तुकडे सापडले असते, तर प्रश्न तेलाचा उरलाच नसता.

उदाहरणांबाबत एवढेच विचारावे, की त्या माणसाने तेल बदलायला कधी घेतले? बहुतेक वेळा उत्तर मिळते, की आरपीएम चढत होता पण घाटात गाडी उचलत नव्हती, किंवा रिव्हर्स टाकल्यावर झटका बसत होता. म्हणजे बिघाड आधी आणि तेल नंतर. तेल काळे असून त्याला जळका वास येत असेल आणि गिअर घसरत असेल, तर आधी गिअरबॉक्सचे निदान करून घ्यावे. नुसता रंग तपकिरी झाला म्हणून घाबरू नये, कारण लाल तेल वापराने काळपट होतेच.

आयुष्यभराच्या तेलाचे म्हणाल, तर अनेक महागड्या गाड्यांना गिअरबॉक्स पुरवणारी जर्मनीची झेडएफ कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षांनी तेल बदलण्याची शिफारस करते.

नव्या तेलाने गिअरबॉक्स खरोखर बिघडतो तो बहुधा चुकीचे तेल किंवा चुकीची पातळी यांमुळे, आणि त्याची चर्चा त्या संदेशात कोठेच नसते. पुस्तिकेत दिलेल्या प्रतीचेच तेल घ्यावे, निघालेले तेल मापाच्या भांड्यात मोजावे, गळती नसेल तर तेवढेच भरावे आणि मग पुस्तिकेत सांगितलेल्या तापमानाला व पद्धतीने पातळी पाहावी, कारण तेल तापले की फुगते आणि थंड गाडीत बरोबर वाटलेली पातळी गरम गाडीत चुकीची ठरते.