बटणं दाबून कमिट करणाऱ्याला गिट येत नाही म्हणे

गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं टूल) कसं शिकावं यावरची ती पोस्ट परत फिरतीये. "गिट टर्मिनलमधूनच, म्हणजे कमांड टाइप करूनच शिका, व्हीएस कोडसारख्या एडिटरमधली बटणं दाबणाऱ्याला आत काय चाललंय ते कळत नाही, जुन्या लोकांनी कधी असली बटणं वापरली नाहीत, कॉन्फ्लिक्ट (दोघांचे बदल एकाच जागी भिडणं) आला की हे लोक गळपटतात आणि सर्व्हरवर बटणं नसतात." खाली ज्युनियर मंडळी माना डोलावतायत म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आत काय चाललंय कळत नाही? अहो व्हीएस कोडचं वेगळं गिट नसतंच, मशीनवर जे गिट टाकलेलं असतं तेच तो चालवतो, आउटपुट पॅनल उघडून तिथे गिट निवडा, कुठल्या बटणामागे कुठली कमांड गेली ते ओळीने दिसतं. इंटेलिजे या दुसऱ्या एडिटरमध्येही गिटच्या विंडोत कन्सोल टॅब आहे. उलट टर्मिनलवाले बरेच जण काय करतात, गिट ॲड डॉट (सगळे बदल एकदम घ्या), कमिट (नोंद करा), मेसेज "फिक्स", पुश (रिमोटवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक कॉपीत पाठवा), संपलं. डिफ, म्हणजे नक्की काय बदललं, ते बघितलंच नाही, मग पासवर्डवाली एन्व्ह फाईल पण गेली आणि डीबगचे प्रिंट पण गेले. एडिटरमध्ये बदललेल्या फायलींची यादी समोरच असते आणि स्टेजिंग एरिया (पुढच्या कमिटसाठी निवडलेले बदल) नावाची जी भानगड नवीन माणसाच्या डोक्यात महिनोन्‌महिने शिरत नाही ती दोन वेगळ्या याद्या दिसल्या की पटकन शिरते. एकाच फाईलमधल्या चार ओळी या कमिटमध्ये आणि बाकीच्या पुढच्या, हे गिट ॲड डॅश पी ने पण होतं, पण तिथे वाय, एन, एस (घ्या, नको, फोडा) करत बसा आणि हंक, म्हणजे बदलाचा तुकडा, हवा तसा फुटला नाही तर पॅच हाताने एडिट करा. एडिटरमध्ये ओळी सिलेक्ट करून स्टेज सिलेक्टेड रेंजेस, झालं.

जुन्या लोकांचं तर सांगूच नका. लिनस टॉर्व्हाल्ड्सने गिट 2005 मध्ये लिहिलं आणि हिस्ट्रीचा ग्राफ दाखवणारं गिटके त्याच वर्षापासून गिटसोबत येतंय. त्याआधी सबव्हर्जन या जुन्या टूलच्या काळात विंडोजवाली अख्खी ऑफिसं टॉर्टॉइजएसव्हीएनच्या राइट क्लिकवर चालायची. आणि इमॅक्स एडिटरवाल्याला विचारा, त्यातलं गिटसाठीचं मॅजिट सोडशील का!

कमांड पाठ म्हणजे गिट आलं असं धरलं तर चेकआउटचं काय करायचं? त्याच कमांडने ब्रँच (कोडची शाखा) बदलते आणि त्याच कमांडने फाईलमधले बदल उडतात. हे लोकांना झेपत नाही हे गिटवाल्यांनाही कळलं, म्हणून 2019 मध्ये गिटच्या 2.23 आवृत्तीत स्विच आणि रिस्टोअर अशा वेगळ्या कमांड आल्या.

कॉन्फ्लिक्टमध्ये थोडं तथ्य आहे. रिबेस (आपले कमिट दुसऱ्या ब्रँचवर परत रचणं) करताना "करंट" म्हणजे तुमचा कोड नसतो, ज्याच्यावर रिबेस करताय तो असतो, आणि ॲक्सेप्ट करंट चेंज दाबणारा तिथे हमखास फसतो. पण टर्मिनलवर अवर्स आणि देअर्स (आपली आणि त्यांची बाजू) असेच उलटे होतात की! तो गोंधळ रिबेसचा आहे, बटणांचा नाही. इथे तीन खिडक्यांचा मर्ज एडिटर असेल तर निदान दोन्ही बाजू आणि निकाल एकत्र दिसतो, इंटेलिजेत तो कधीपासून आहे, व्हीएस कोडमध्ये 2022 ला आला.

सर्व्हरवर बटणं नसतात, मान्य. पण सर्व्हरवर बसून तुम्ही रिबेस कशाला करताय? तिथे फेच, चेकआउट आणि लॉग इतकं पुरतं. रिफ्लॉग (हरवलेलं कमिट शोधायला), बायसेक्ट (बग कुठल्या कमिटने आला ते शोधायला) लागलं तर टर्मिनल एडिटरमध्येच खाली आहे, कोणी बंद केलेलं नाही.

खरी तक्रार करायचीच तर सिंक बटणाची करा, ती त्या पोस्टमध्ये नाहीच. एका क्लिकमध्ये पुल (रिमोटवरचे बदल आणणं) आणि लगेच पुश, मधे मर्ज होऊन काय आलं ते बघायच्या आत सगळं रिमोटवर. आधी विचारतं, पण तिथेच "परत विचारू नका" पण असतं आणि सगळे तेच दाबतात. आमच्या टीममध्ये मी सांगून ठेवलंय, पुल वेगळं करायचं, आलेलं बघायचं, मग पुश.