घटाची धुणी

दसरा-दिवाळीवर सगळे लिहितात, पण त्याच्या आधी जी धुणी निघतात त्यावर कोणी लिहीत नाही, कारण ज्यांनी ती धुतलेली असतात त्यांचे हात तोपर्यंत पेन धरायच्या लायकीचे उरलेले नसतात. आमच्याकडं सोलापूर-धाराशिवच्या पट्ट्यात घट बसायच्या आत घरातलं झाडून सगळं कापड धुवावं लागतं. सगळं म्हणजे सगळं, गोधड्या, वाकळा, चादरी, पडदे, उशांचे अभ्रे, टीव्हीवरचा रुमाल (टीव्ही भिंतीवर गेला, रुमाल अजून आहे) आणि कपाटात घडी न मोडता पडून असलेल्या सोलापुरी चादरीसुद्धा. बायको एकदा आईला म्हणाली, अहो आई, ही चादर मागच्या आठवड्यातच धुतलीय की. आई म्हणाली, ती तेव्हा धुतली, घटाची कुठं धुतली? यावर बोलायला जागाच नाही.

आता हे धुणं कधी काढायचं हा खरा प्रश्न. वाटतं तितकं सोपं नाही ते. गणपती गेल्याशिवाय काढता येत नाही, कारण पाहुणे येऊन-जाऊन असतात आणि त्यांना अंथरायला लागतं. गणपती गेले की पितृपंधरवडा, त्यात आजोबांची तिथी, त्या दिवशी सगळं घर स्वयंपाकात. अमावस्येला धुणं काढायचं नाही. मंगळवारी आईचा उपवास. नळाला पाणी एक दिवसाआड, तेही पहाटे, आणि गल्लीत सगळ्यांची धुणी एकाच वेळी निघाल्यामुळं जो तो मोटर लावून बसलेला. मला सुट्टी रविवारी. आणि या सगळ्यातून एखादा दिवस वाचलाच तर तो पावसाला पाहिजे असतो.

२०२४ ला तर कहरच झाला. घट बसले ३ ऑक्टोबरला. म्हणजे २ ऑक्टोबर, गांधी जयंती, हक्काची सुट्टी, पण नेमकी त्याच दिवशी सर्वपित्री अमावस्या. सुट्टी असून उपयोग शून्य. त्याच्या आधीचा रविवार २९ सप्टेंबर, आणि २७ च्या आसपास सूर्य हस्त नक्षत्रात जातो. म्हणजे हत्तीचा पाऊस. पडेल हत्ती तर पडतील भिंती असं जुनी माणसं म्हणून गेलीत, भिंतीच पडणार तिथं दोरीवरच्या गोधडीचं काय घेऊन बसलात.

मी मोबाईलवर बघितलं, त्यात ऊन दाखवत होतं. अण्णांनी पंचांग काढलं. प्रत्येक नक्षत्राला एक वाहन असतं, बेडूक, म्हैस किंवा हत्ती असलं की भरपूर पाऊस असा हिशोब. अण्णांनी वाहन बघितलं, चष्मा काढला, आणि काय वाहन आहे ते न सांगता नुसतं हं म्हणाले. अण्णांचं घटाच्या धुण्यातलं योगदान एवढंच असतं, पण ते दरवर्षी न चुकता असतं.

वॉशिंग मशीन आहे आमच्याकडं, सात किलोचं. त्यात आजीच्या हातची, लुगड्यांचे थर घालून शिवलेली वाकळ एकदा घातली होती. मशीन पाच मिनिटं जागेवर होतं, मग हळूहळू चालत मोरीच्या दारापर्यंत आलं आणि दाराला अडकून थांबलं. त्यामुळं वाकळा नदीवर. पावसाळ्यानंतर नदीला पाणी असतं तोवर धुवून घ्यायचं, उन्हाळ्यात नुसती वाळू.

नदीवर सगळं गाव. मोटारसायकलवर पुढं गाठोडं, मागं गाठोडं, मधे माणूस असेल असं समजायचं. शाळेतले सर, बँकेतले साहेब, मेडिकलवाले, सगळे पँट गुडघ्यापर्यंत दुमडून गोधड्या तुडवतायत आणि एकमेकांना ओळख न दाखवल्यासारखं करतायत. बायका धोपाटण्यानं बडवतायत, तो आवाज ऐकून कुठल्या घरात सासू-सुनेचं कसं चाललंय ते सांगता येतं.

तुडवणं सोपं आहे हो. पिळणं अवघड. कोरडी वाकळ एका हातानं उचलता येते, भिजली की पाण्यातून निघालेल्या म्हशीसारखी जड होते आणि तेवढीच अडून बसते. तिला पिळायला दोन माणसं लागतात, एकानं एक टोक धरायचं दुसऱ्यानं दुसरं, आणि उलट्या दिशेनं पीळ द्यायचा. उलट्या म्हणजे कुणाच्या उलट्या? समोरासमोर उभं राहिलं की तिचा उजवा तो माझा डावा. बायको म्हणाली तुम्ही उजवीकडं फिरवा. मी फिरवलं. तिनं उलटं म्हणून डावीकडं फिरवलं. वाकळ दोघांच्या मधे सुखानं गोल फिरली, पाण्याचा एक थेंब पडला नाही. मग तुमचं चुकतंय, नाही तुझं चुकतंय, असं आजूबाजूच्या आठ-दहा जोडप्यांचंही तेच चाललेलं होतं. शेवटी आई आली, तिनं एक टोक दगडाखाली दाबलं आणि दुसरं एकटीनं पिळलं. गल्लीतली तरणी पोरं या कामाला लागत नाहीत, त्यांची तुळजापूरहून ज्योत आणायची मीटिंग असते, ती बरोबर धुण्याच्या रविवारीच असते.

गच्चीवर वाळत घालून, कठड्यावर विटा ठेवून खाली आलो. दुपारी असं ऊन की डोकं भणाणलं, सगळ्यांच्या मनात एकच, वाळतंय आता. चारला आभाळ आलं. मोबाईल अजूनही ऊनच दाखवत होता. गल्लीतल्या सगळ्या गच्च्यांवर एकदम पळापळ, आपली गोधडी कुठली शेजारच्या काकूंची कुठली बघायला वेळ नाही, हाताला लागेल ते ओढायचं. अण्णा खुर्चीत बसून म्हणाले, मला वाहन बघितलं तेव्हाच कळलं होतं.

रात्री झोपायला काहीच नाही. सतरंजीसुद्धा ओली. तुळजाभवानी भाद्रपद वद्य अष्टमीला पलंगावर निद्रेला जाते ती घट बसायच्या पहाटे उठते. देवी गादीवर निजलेली आणि नेमक्या त्याच दिवसांत भक्तांच्या अंगाखालचं अंथरूण काढून घेतलेलं, हे मी फरशीवर कूस बदलत आईला बोललो. आई म्हणाली, तिचं अंथरूण धुतलेलं असतं.

काकूंची एक गोधडी आमच्यात आली होती आणि आमची एक त्यांच्यात गेली होती, ती अदलाबदल दसऱ्यानंतर झाली, दोन्ही बाजूंनी तुमची जरा ओलसरच होती असं म्हणून.

यंदा, २०२६ ला, ज्येष्ठ अधिक आल्यामुळं घट ११ ऑक्टोबरला बसतायत. म्हणजे हस्त जवळजवळ संपलेला, आणि २ ऑक्टोबर शुक्रवारी, अमावस्या तिथून पुढं आठ दिवसांनी. नवीन कॅलेंडर भिंतीवर लागलं त्याच दिवशी आईनं २ तारखेला गोल केला. मी म्हटलं, आई, गांधी जयंतीला मी जरा झोपणार होतो. ती म्हणाली, झोप की, कशावर झोपतोस तेवढं सांग.