हमिंगबर्डला पाय असतात आणि तो कोकणात नसतो

व्हॉट्सॲपवर तो व्हिडिओ पुन्हा फिरतोय. फुलासमोर एक इवलासा जीव हवेत थबकलाय, खाली मजकूर: ‘जगातला सर्वात छोटा पक्षी हमिंगबर्ड, आता कोकणातही! मधमाशीएवढा! पाय नसल्याने कधीच बसत नाही, थांबला की मरतो. फक्त मधावर जगतो. शिका यातून काहीतरी!’

सर्वात छोटा, हे खरं. पण तो मान हमिंगबर्डच्या साडेतीनशेहून अधिक जातींपैकी एकीचाच: बी हमिंगबर्ड, क्यूबातला ‘सुनसुनसितो’. क्यूबा आणि त्याच्या दक्षिणेचं इस्ला दे ला हुवेंतुद बेट सोडून तो कुठेच राहत नाही.

मधमाशीएवढा? नाव तसं आहे, एवढंच. लांबी ५ ते ६ सेंमी, नराचं वजन जेमतेम २ ग्रॅम. रुपयाचं नाणंही त्याहून जड भरेल, पण मधमाशी असते ०.१ ग्रॅमच्या आसपास.

पाय नाहीत, हे तर धादांत खोटं. पाय आखूड आहेत, चालायला निरुपयोगी, पण फांदी घट्ट धरतात. मादी कोळ्याचं जाळं, सालीचे तुकडे आणि दगडफूल घेऊन सुमारे ३ सेंमी रुंदीची वाटी विणते, त्यात दोन अंडी घालते आणि एकटीच उबवते. बसल्याशिवाय अंडी कशी उबणार, हे फॉरवर्ड करणाऱ्यानेच सांगावं! आणि थांबला की मरतो? उलट आहे. सेकंदाला ८०च्या आसपास पंख मारणं इतकं महागात पडतं की दिवसाचा बराच वेळ हे पक्षी फांदीवर बसूनच काढतात. अन्न कमी पडलं तर या कुळातले अनेक पक्षी रात्री शरीराचं तापमान उतरवून निपचित पडतात, म्हणून सकाळ बघतात. उपदेश करायला भलताच पक्षी निवडलाय.

नुसत्या मधावरही भागत नाही. मधातून साखर मिळते. प्रथिनांसाठी बारीक किडे, कोळी खावेच लागतात.

राहिलं कोकण. जर्मनीत सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वीचे हमिंगबर्डसारखे जीवाश्म सापडलेत, पण आजचे सगळे हमिंगबर्ड अमेरिका खंडांत आणि आसपासच्या बेटांवरच. मग व्हिडिओत कोण? चित्र मोठं करून डोकं पाहा: दोन मिशा दिसतात. हा पतंग आहे, हॉकमॉथ. चोच वाटते ती सोंड. काम झालं की गुंडाळून ठेवतो. परसातल्या फुलांवर चोच खुपसणारा काळानिळा, चकाकता पक्षी दिसला, तर तो बहुधा जांभळा शिंजीर. तोही हमिंगबर्डच्या नात्यातला नाही.