मस्कने ट्विटर ‘वाचवलं’ म्हणे!

इलॉन मस्कवरचा तो लांबलचक फॉरवर्ड अखेर आमच्या घरच्या ग्रुपवर आलाच. आला तर आला, असे रोज येतात. पण कॉमर्सला असलेल्या भाच्याने तो जसाच्या तसा कॉलेजच्या प्रेझेंटेशनमध्ये घालायचं ठरवलं आणि वर “मामा, एकदा नजर टाक ना” म्हणून मलाच पाठवला. टाकली नजर.

ज्यांच्यापर्यंत तो पोचलेला नाही अशा सुदैवी मंडळींसाठी थोडक्यात: मस्कने निव्वळ अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या प्रेमापोटी स्वतःच्या खिशातले ४४ अब्ज डॉलर ओतून ट्विटर घेतलं. ऐंशी टक्के ऐतखाऊ लोक काढले, तरी काही अडलं नाही. जगातल्या एकाही सरकारपुढे तो झुकला नाही. ‘ट्विटर फाइल्स’मधून, म्हणजे निवडक पत्रकारांना दिलेल्या कंपनीच्या आतल्या कागदपत्रांतून, जुन्या व्यवस्थापनाचं सरकारशी असलेलं साटंलोटं उघडं पाडलं. कम्युनिटी नोट्स (दिशाभूल करणाऱ्या पोस्टखाली वापरणाऱ्यांनीच जोडलेले खुलासे) सुरू करून खोट्या बातम्या संपवल्या. बुडीत कंपनी फायद्यात आणली. निळी टिक सामान्य माणसाच्या हाती दिली. आणि शेवटी ‘पटलं तर पुढे पाठवा’. न पटलेल्यांनी काय करायचं ते लिहिलेलं नाही, म्हणून हा खटाटोप.

‘तत्त्वासाठी खिशातून पैसे ओतले’

एप्रिल २०२२ मध्ये मस्कने शेअरमागे ५४.२० डॉलर देऊ केले आणि २५ एप्रिलला करार झाला. घाई एवढी की कंपनीची आतली कागदपत्रं तपासून घेण्याचा हक्कही त्याने सोडून दिला. जुनी गाडी घेतानासुद्धा माणूस बॉनेट उघडून बघतो, इथे ४४ अब्जांचा सौदा होता. मग बाजार पडला, टेस्लाचा शेअर घसरला, आणि महाशयांना एकाएकी ट्विटरवरच्या बनावट खात्यांची चिंता लागली. गंमत म्हणजे करार झाला त्या दिवशीच्या निवेदनात ही बनावट खाती संपवायची आहेत, असं त्यानेच म्हटलं होतं. जे दुखणं बरं करायला निघाला होता, तेच पळून जायचं कारण झालं. १३ मे रोजी ‘व्यवहार तूर्त थांबवलाय’, ८ जुलैला ‘करार रद्द’.

ट्विटरने चारच दिवसांत त्याला अमेरिकेतल्या डेलावेअर राज्याच्या चान्सरी कोर्टात, जिथे कंपन्यांचे वाद चालतात, खेचलं. व्यवहार पुरा करायला त्याला भाग पाडता येईल असं कलम करारातच होतं. १७ ऑक्टोबरला सुनावणी सुरू व्हायची होती. ती तोंडावर आल्यावर, ४ ऑक्टोबरला, त्याने ठरल्या भावाने घेतो असं कळवलं. न्यायाधीश कॅथलीन मॅकॉर्मिक यांनी २८ ऑक्टोबरपर्यंत मुदत दिली आणि २७ तारखेला व्यवहार झाला. त्यावर ‘पक्षी मुक्त झाला’ असं ट्विट! पक्ष्याचं माहीत नाही, पण मालकाला मात्र कोर्टाच्या तारखेने आत आणून बसवलं होतं. तत्त्वासाठी विकत घेणारा माणूस विकत घ्यायला लागू नये म्हणून तीन महिने वकील लावत नाही.

आता खिसा. सुमारे १३ अब्ज डॉलर हे बँकांचं कर्ज होतं आणि ते मस्कच्या नव्हे, ट्विटरच्याच डोक्यावर चढवलं गेलं. म्हणजे विकल्या गेलेल्या कंपनीने स्वतःच्या विक्रीचं व्याज भरायचं. आणखी सुमारे सात अब्ज ओरॅकलचे लॅरी एलिसन, गुंतवणूक कंपनी सिकोया, क्रिप्टोवाली बायनान्स, कतारचा सरकारी फंड वगैरे मंडळींनी देऊ केले. सौदी राजपुत्र अल्-वलीद यांनी आपले साडेतीन कोटी शेअर नव्या मालकीत तसेच ठेवले. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या या लढ्यात सौदी आणि कतारचे पैसे आहेत हे फॉरवर्डवाल्याला कुणी सांगितलेलं दिसत नाही. बाकी मोठा वाटा मस्कचाच, टेस्लाचे शेअर विकून उभा केलेला. तेवढं मान्य.

‘एकाही सरकारपुढे झुकला नाही’

हे वाक्य वाचून मी फोन बाजूला ठेवला. मेसेजमध्ये याइतकं खोटं आणि याइतकं घातक दुसरं काही नाही, कारण बाकी सगळी आरती याच वाक्यावर उभी आहे.

कंपनीकडे येणाऱ्या सरकारी आणि न्यायालयीन मागण्यांची नोंद ट्विटर स्वतःच ‘लुमेन’ नावाच्या सार्वजनिक संग्रहात देत असे. ‘रेस्ट ऑफ वर्ल्ड’ या वृत्तसंस्थेने त्या नोंदी मोजल्या. मस्कच्या पहिल्या सहा महिन्यांत, म्हणजे २७ ऑक्टोबर २०२२ ते २६ एप्रिल २०२३ या काळात, ९७१ मागण्या आल्या. त्यातल्या ८०८ पूर्णपणे मान्य झाल्या, १५४ अंशतः. म्हणजे पूर्ण होकाराचं प्रमाण ८३ टक्के. त्याआधीच्या वर्षी ते पन्नास टक्क्यांच्या आसपास होतं. हे आकडे मस्कच्या कुठल्या शत्रूने रचलेले नाहीत, त्याच्याच कंपनीने कळवलेले आहेत. ज्या ‘झुकणाऱ्या’ जुन्या व्यवस्थापनाला मेसेजमध्ये शिव्या आहेत, ते निम्म्या वेळा तरी पूर्ण होकार देत नव्हतं.

उदाहरणं हवीत तर तीही घ्या. मे २०२३, तुर्कस्तानात अध्यक्षपदाची निवडणूक १४ तारखेला. मतदान तोंडावर असताना ट्विटरने तिथल्या काही मजकुरावर तुर्कस्तानापुरती बंदी घातली. टीका झाल्यावर मस्कचं म्हणणं असं की सगळं ट्विटरच मंदावलेलं हवं की काही ट्विट अडवलेली हवीत, ते सांगा. बरं, हा व्यवहारी हिशेब असू शकतो. पण याला न झुकणं म्हणत नाहीत.

भारताचा किस्सा तर फॉरवर्डवाल्याने वाचायलाच हवा. जुलै २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या ब्लॉक करण्याच्या आदेशांविरुद्ध कर्नाटक उच्च न्यायालयात गेलं ते जुनं ट्विटर, मस्कच्या आधीचं. आणि तेव्हा खरेदीतून सुटायची धडपड करणाऱ्या मस्कने डेलावेअरच्या कोर्टातल्या आपल्या कैफियतीत तक्रार काय केली? भारत सरकारशी भांडून कंपनीने आपली तिसरी मोठी बाजारपेठ धोक्यात घातली, स्थानिक कायदा पाळायला हवा होता! जानेवारी २०२३ मध्ये बीबीसीच्या माहितीपटाबद्दलची ट्विट सरकारच्या आदेशावरून भारतात काढली गेली, तेव्हा मालक तोच होता. एप्रिलमध्ये बीबीसीच्याच मुलाखतीत त्याने सांगितलं की आपली माणसं तुरुंगात जाणार की कायदा पाळायचा असा प्रश्न असेल तर कायदा पाळू. जूनअखेर ती जुनी याचिका फेटाळली गेली आणि कंपनीला ५० लाखांचा दंड झाला.

एवढं मात्र नाइलाजाने लिहितो. पुढे २०२५ मध्ये मस्कच्याच एक्सने (ट्विटरचं जुलै २०२३ पासूनचं नाव) ‘सहयोग’ या मजकूर काढायचे आदेश पाठवण्याच्या सरकारी पोर्टलविरुद्ध कर्नाटक उच्च न्यायालयात धाव घेतली. सप्टेंबरमध्ये ती याचिकाही फेटाळली गेली, पण लढले हे खरं. ब्राझीलमध्येही २०२४ साली काही खाती बंद करण्याच्या आदेशांवरून न्यायाधीश अलेक्झांड्रे द मोराइस यांच्याशी त्याने उघड भांडण मांडलं. ऑगस्टअखेर एक्स तिथे बंद झालं. ऑक्टोबरमध्ये दंड भरून, सांगितलेली खाती बंद करून आणि स्थानिक प्रतिनिधी नेमून परत सुरू झालं. लढला, आणि मग झुकला. मेसेजमध्ये पहिला अर्धाच आहे.

आणि खरं सांगायचं तर मस्कने तसं वचन कधी दिलंच नव्हतं. करारानंतर लगेच त्याने लिहिलं होतं की माझ्या लेखी अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणजे कायद्यात बसतं ते, कायद्याच्या फार पलीकडे जाणाऱ्या सेन्सॉरशिपला माझा विरोध आहे. चला, त्याचीच मोजपट्टी घेऊ. सरकारने कायद्याने मागितलं तर द्यायचं, ठीक. मग जे बेकायदेशीर नाही त्याला तरी हात लागायला नको ना?

मस्कच्या विमानाची सार्वजनिक माहिती टाकणारं एक खातं होतं. ते मी बंद करणार नाही, माझी निष्ठा इतकी पक्की आहे, असं त्याने ६ नोव्हेंबर २०२२ ला जाहीर केलं. १४ डिसेंबरला ते बंद. दुसऱ्या दिवशी त्याबद्दल लिहिणारे न्यूयॉर्क टाइम्स, वॉशिंग्टन पोस्ट, सीएनएनचे पत्रकारही बाहेर. १८ तारखेला तर मॅस्टोडॉन, इन्स्टाग्राम, फेसबुकवरच्या आपल्या खात्याची लिंक देण्यावरच बंदी आली. आरडाओरडा झाल्यावर ती गुपचूप मागे घेतली. एक्सवरच्या द्वेषपूर्ण मजकुराचा अभ्यास करणाऱ्या ‘सेंटर फॉर काउंटरिंग डिजिटल हेट’वर कंपनीने खटला भरला. मार्च २०२४ मध्ये तो फेटाळताना न्यायाधीश चार्ल्स ब्रायर यांनी स्वच्छ लिहिलं की प्रतिवादींना त्यांच्या बोलण्याबद्दल शिक्षा करण्यासाठीच हा खटला आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, जाहिराती न देण्याचा कट केला म्हणून, जाहिरातदारांच्या संघटनेला कोर्टात ओढलं. जाहिरात न देणं हाही बोलण्याचाच प्रकार आहे, पण तो बहुधा मोजपट्टीत बसला नसावा.

सरकारं मोठी असतात, त्यांच्याकडे स्विच असतो. पत्रकार, संशोधक आणि विमानं मोजणारा एक कॉलेजातला पोरगा यांच्याकडे नसतो. कुणाला कोणती वागणूक मिळाली ते वरच्या परिच्छेदांत आहे.

‘ट्विटर फाइल्सने साटंलोटं उघडं पाडलं’

यात अर्धा दाणा सत्याचा आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये जो बायडन यांचा मुलगा हंटर याच्या लॅपटॉपची बातमी ट्विटरने अडवली, ती चूक होती. पण ते सांगायला फाइल्स लागल्या नाहीत, त्या वेळचे प्रमुख जॅक डॉर्सी यांनी तेव्हाच कबूल केलं होतं. ट्रम्प यांच्या व्हाइट हाउसकडूनही मजकूर काढायच्या विनंत्या येत आणि मान्य होत, हेही त्याच फाइल्समध्ये आहे. मेसेजमध्ये नाही. आणि सगळ्यात मजेची गोष्ट: ट्रम्प यांनी आपल्यावरच्या बंदीविरुद्ध केलेल्या खटल्यात या फाइल्सचा आधार घेतला गेला, तेव्हा २०२३ च्या जूनमध्ये, मस्क मालक असताना, ट्विटरच्याच वकिलांनी कोर्टाला सांगितलं की यातून सरकारी जबरदस्ती सिद्ध होत नाही. ट्विटवर एक आणि कोर्टात दुसरं.

‘ऐंशी टक्के काढले तरी काही अडलं नाही’

आकडा बरोबर आहे. जवळजवळ ८,००० वरून १,५०० वर आलो, हे त्यानेच सांगितलं. आणि ट्विटर आठवड्याभरात कोसळेल अशी भाकितं करणारे तोंडघशी पडले, हेही बरोबर. पण काही अडलं नाही? १ जुलै २०२३ ला टिक नसलेल्यांना दिवसाला ६०० पोस्ट वाचायची मर्यादा घातली होती. लोकांनी वाचावं म्हणून चालवलेल्या जागेवर वाचनाचं रेशनिंग. शिवाय बघायला कुणी उरलं नाही म्हणून काय काय सुटलं, ते साइट चालू आहे यावरून कळत नसतं.

‘कम्युनिटी नोट्स सुरू केल्या’

त्याने सुरू केल्या नाहीत. ‘बर्डवॉच’ या नावाने ही सोय जानेवारी २०२१ पासून होती, आणि मस्क येण्यापूर्वीच अमेरिकेतल्या सगळ्यांना दिसू लागली होती. त्याने नाव बदललं आणि जगभर पसरवली. चांगलं केलं. खोट्या बातम्या संपल्या म्हणणाऱ्याने एकदा एक्स उघडून बघावं.

‘बुडीत कंपनी फायद्यात आणली’

भाच्या, तू कॉमर्सचा ना? ट्विटर २०१८ आणि २०१९ दोन्ही वर्षी अब्जावर डॉलर नफ्यात होतं. २०२१ चा २२ कोटी डॉलरचा तोटा झाला तो भागधारकांच्या जुन्या खटल्याच्या तडजोडीपायी, जी सुमारे ८१ कोटी डॉलरची होती. मस्कनंतर? जुलै २०२३ मध्ये त्यानेच लिहिलं की जाहिरातींचं उत्पन्न निम्म्याने घटलंय आणि कर्जाचा बोजा आहे, म्हणून रोकड अजून उणे आहे. ते कर्ज कुणी चढवलं ते वर आलंच आहे. ‘किंमत परत ४४ अब्ज झाली’ हा पुरावा मेसेजमध्ये दिलाय. मार्च २०२५ मध्ये मस्कच्याच एक्सएआय या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीने एक्स घेतलं, कर्ज वजा जाता ३३ अब्जांना. रोख एक पैसा नाही, सगळा व्यवहार शेअरांत. विकणारा मस्क, घेणारा मस्क, भाव ठरवणाराही मस्क. प्रेझेंटेशनमध्ये याला बाजारभाव म्हणू नकोस, सर विचारतील.

‘निळी टिक सामान्य माणसाला’

पूर्वीच्या टिकमध्ये वशिला चालायचा, हे कबूल. पण ती माणूस खरा आहे एवढं तरी सांगायची. २०२२ मध्ये आलेली नवी टिक महिन्याचे आठ डॉलर भरल्याचं सांगायची. १० नोव्हेंबर २०२२ ला इलाय लिली या औषध कंपनीच्या नावाने एका बनावट खात्याने ‘इन्सुलिन आता मोफत’ अशी घोषणा केली. खऱ्या कंपनीला माफी मागत खुलासा करावा लागला, आणि दुसऱ्या दिवशी तिचा शेअर घसरला. आठ डॉलर भरलेले असल्याने त्या खात्याला टिक होती. डिसेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने एक्सला १२ कोटी युरोंचा दंड ठोठावला. जाहिरातींची माहिती आणि संशोधकांना डेटा न देणं हीही कारणं त्यात आहेत, पण यादीत पहिली आहे ती ही निळी टिक, वापरणाऱ्याची फसवणूक करणारी म्हणून.