डबा डब्यात राहिला

मंगळवारपासून माझा जेवणाचा डबा जपानमध्ये बेवारस आहे. पिशवी वरच्या रॅकवर ठेवली, डुलकी लागली, स्टेशन आल्यावर दचकून उतरलो आणि दारं बंद होताना आठवलं. डबा डब्यात राहिला! हा विनोद मला प्लॅटफॉर्मवरच सुचला, पण ऐकवायला जवळ मराठी माणूस नव्हता.

आमचं स्टेशन टोकियोच्या उपनगरात, दोन रेल्वे कंपन्यांच्या वेशीवर आहे. नाव सांगत नाही, मला रोज तिथूनच जायचंय. गाडी तीच, रूळ सलग. पण इथे एका कंपनीचे मोटरमन-गार्ड उतरतात, दुसरीचे चढतात आणि गाडी परक्या रुळांवरून बिनदिक्कत पुढे निघते. टोकियोत हा घरोबा १९६० पासूनचा. तेव्हा केइसेई कंपनीच्या गाड्या पहिल्यांदा सरकारी भुयारी मार्गात शिरल्या. आता तर वाकोशीला बसून, बूड न हलवता, योकोहामाच्या चायनाटाउनला उतरता येतं. वाटेत तीन कंपन्यांचे रूळ लागतात आणि भाडं प्रत्येकीचं वेगळं मोजतात. दादरला २०२३ च्या डिसेंबरपर्यंत पश्चिम रेल्वेचा एक नंबरचा प्लॅटफॉर्म वेगळा आणि मध्यचा वेगळा होता. त्यात उमेदवारी केलेल्या माणसाला वेशीचं काय कौतुक, असं मला वाटायचं.

हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीतल्या साहेबांनी आधी मान लववली, मग फॉर्म काढला.

"वस्तू?"

"जेवणाचा डबा."

"रंग?"

"स्टील."

"चंदेरी," असं पुटपुटत त्यांनी लिहिलं. "आत काय होतं?"

इथे मी ऐटीत आलो, कारण कारल्याला जपानीत गोया म्हणतात हे मला ठाऊक होतं. "गोया!"

त्यांचा चेहरा उजळला. "अंडं घालून? की डुकराचं मांस?"

"शेंगदाण्याचं कूट आणि गूळ."

त्यांनी पेन खाली ठेवलं. जरा वेळाने पुन्हा उचललं.

"डब्यावर नाव आहे?"

"आहे."

"आपलं?"

"नाही. मावसभावाचं."

"म्हणजे डबा मावसभावाचा."

"नाही हो, माझाच. त्याच्या मुंजीत मिळाला."

मुंज! हा शब्द माझ्या तोंडून का निघाला, कोण जाणे. मुंजीला जपानी शब्द नाही. त्यांच्याकडे शिची-गो-सान असतं, तीन, पाच आणि सात वर्षांच्या पोरांना नटवून देवळात नेतात. तसंच काहीसं, असं मी सांगितलं.

"म्हणजे समारंभ त्यांचा होता."

"हो."

"आणि भेट त्यांनाच मिळाली."

"नाही, त्यांनीच वाटली. आलेल्या प्रत्येकाला एक डबा."

"प्रत्येकाला? स्वतःचं नाव घालून?"

"हो."

"मग आपला कुठला, हे घरी कसं ओळखता?"

चाळीस वर्षांत हा प्रश्न मला पडला नव्हता. आमच्या फडताळात अर्धी भांडी परक्या नावांची आहेत. एका पातेल्यावर तर आमच्यात कुणालाच माहीत नसलेल्या बाईंचं नाव आहे आणि त्यात आम्ही वीस वर्षं दूध तापवतोय. पण हे मी बोललो नाही. आधीच आमची सगळी जमात भांडीचोर ठरायची वेळ आली होती.

साहेबांनी मालकाच्या रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं: मावसभाऊ. मग विचारलं, "आपण उतरलात तेव्हा मोटरमन बदलला होता का?"

"मी झोपलो होतो."

"बदलला असेल, तर ती वस्तू त्या कंपनीकडे," असं म्हणून त्यांनी पुन्हा मान लववून वीस पावलांवरची दुसरी खिडकी दाखवली. तिथे नवा फॉर्म. तिथेही स्टील हा रंग नव्हता. कूट आणि गूळ मी तिथेही सांगितलं, तिथलंही पेन खाली गेलं, आणि शेवटी तिथल्या साहेबांनी मान लववून मला पहिली खिडकी दाखवली. ओरडावं तर कुणावर? समोरचा जर वसकन अंगावर आला असता, तर मीही डोंबिवलीकर आहे, निभावून नेलं असतं. पण कमरेत वाकून नकार देणाऱ्याशी भांडायचं कसं, हे आम्हाला कुणी शिकवलेलंच नाही. ऑफिसला पाऊण तास उशीर झाला, दुपारी भाताचा गार गोळा गिळला, तोही कोण जाणे कशाने भरलेला.

या येरझाऱ्यांत माझ्यामागे एक आजोबा लागले. गळ्यात कॅमेरा, डोळ्यांत चमक. "सीटचा रंग कोणता होता?" आता हा मदतीला आला, असं समजून मी आठवून आठवून सांगितलं. त्यावरून त्यांनी गाडी नेमकी कोणत्या कंपनीच्या मालकीची ते ठरवलं आणि खूश होऊन पुढचं ऐकवलं: या कंपन्या एकमेकींना गाड्यांचं भाडं शक्यतो रोख देत नाहीत, तुझी गाडी माझ्या रुळांवर जितके किलोमीटर धावली, तितके माझी तुझ्या रुळांवर धावणार. म्हणजे शेजारणीकडून वाटीभर साखर आणायची आणि वाटीभरच परत करायची! हिशेब सुंदर आहे, कबूल. डब्याचं काय, विचारलं तर आजोबा म्हणाले, "डबा? कसला डबा?"

गुरुवारी फोन आला. डबा तिसऱ्याच कंपनीच्या शेवटच्या स्टेशनात सापडलाय. अन्न टाकून दिलं. डबा मालकानं स्वतः येऊन न्यावा, नाहीतर मालकाच्या सहीचं अधिकारपत्र आणावं.

मालक सांगलीत असतो. त्याला सगळं सविस्तर लिहून कळवलं. रात्री उत्तर आलं: "पत्र पाठवतो. पण माझ्या मुंजीतला एकही डबा आमच्याकडे उरलेला नाही, आई कधीची विचारतेय. येशील तेव्हा तो घेऊनच ये."