ती कुस्ती पाऊण तास चालली होती

आज दुपारी आमच्या तालुक्यातील एका गावी यात्रेनिमित्त भरलेल्या कुस्ती मैदानाला गेलो होतो. घरी येऊन तास उलटला तरी राग उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

एक नंबरची कुस्ती लागली होती. एक मल्ल कोल्हापूरच्या तालमीतला, दुसरा दावणगेरेकडचा. सलामी झाली, हलगी कडाडली आणि थोड्याच वेळात कोल्हापूरच्या मल्लाने कब्जा घेतला. खालच्या मल्लाने पोट मातीला लावले, कोपरे अंगाशी आवळली आणि तो तसाच टिकून राहिला. त्या पडून राहण्यात किती ताकद आणि किती डोके लागते, हे मैदानावर वाढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. परंतु पाच मिनिटे झाली नाहीत तोच मागून हाकाटी सुरू झाली, ‘सोडवा, सोडवा, दुसरी लावा!’ शिट्ट्या वाजू लागल्या. माझ्या शेजारचा विशी-बाविशीतला तरुण मोबाईलवर आयपीएलचा सामना लावून बसला होता, आणि तोही तो धड पाहत नव्हता. षटक संपले की त्याचा अंगठा रीलवर जात होता. मी त्याला म्हणालो, ‘बाळा, समोर बघ, खालचा आता फिरणार बघ.’ तो म्हणाला, ‘काका, काय झालंच तर व्हिडिओ येतोयच की ग्रुपवर.’ शेवटी लोकांच्या ओरड्यापुढे पंचांनी पंधराव्या मिनिटाला कुस्ती बरोबरीत सोडवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्या अजून टोचत आहेत.

मी आठ-नऊ वर्षांचा असताना अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला सायकलच्या दांडीवर बसवून बेळगावातील आनंदवाडीच्या आखाड्यात नेले होते. अप्पा तेव्हा उद्यमबागेतील एका फाउंड्रीत कामाला होते आणि आठवड्याची त्यांची तेवढीच सुट्टी असे. त्या दिवशीची शेवटची कुस्ती पाऊण तास चालली, आणि त्यातील अर्धा तास एकच मल्ल खाली होता. मला काही कळत नव्हते, भूक लागली होती, मी घरी जाऊया म्हणून त्यांचा सदरा ओढत होतो. अप्पा माझ्याकडे न पाहता म्हणाले, ‘गप बस. अजून संपली नाही. त्याच्या बोटांकडं बघ.’ मग मी पाहिले. खालच्या मल्लाची बोटे लाल मातीत रुतली होती आणि वरच्याने जोर लावला की ती आणखी खोल जात होती. त्यानंतर मी सदरा ओढला नाही.

खेळ पाहणे म्हणजे खेळाला आपला वेळ देणे, एवढेच माझे म्हणणे आहे. ज्याला फक्त निकाल हवा आहे त्याने दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र वाचावे. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदान उभारले, ते १९१२ साली सुरू झाले, आणि त्याची बैठक अशी चढत्या उताराची ठेवली की सर्वांत मागे बसलेल्या गरीब माणसालाही मातीच्या हौद्यातील पकड दिसावी. नुसती चितपटच दाखवायची असती तर एवढा खटाटोप कशाला केला असता?

कोणी म्हणेल, हा मातीचा हट्टी माणूस टीव्हीच्या विरोधात आहे. मुळीच नाही. २२ एप्रिल १९९८ ची शारजाची रात्र मी घरच्या टीव्हीसमोरच काढली आहे. ऑस्ट्रेलियाच्या २८४ धावा, अंतिम फेरी गाठायला आपल्याला २५४ हव्यात आणि मध्येच वाळूचे वादळ उठले. खेळ थांबला. आमच्या घरातील कोणीही उठले नाही. आईने पुन्हा चहा ठेवला, अप्पांनी तंबाखू मळली आणि आम्ही सारे त्या पिवळ्या पडलेल्या पडद्याकडे पाहत राहिलो. वादळानंतर सचिनने जे केले ते जगाला पाठ आहे. त्याच्या १४३ धावांतील षटकार आजही दिवसातून दहा वेळा कोणी ना कोणी पाठवतो. पण ज्याने ती वाट पाहिली नाही, त्याला तो षटकार काय कळणार? आणि तो सामना आपण २६ धावांनी हरलो होतो, हे किती जणांच्या लक्षात आहे? चार मिनिटांच्या तुकड्यात हार मावत नाही. २००१ साली ईडन गार्डन्सवर लक्ष्मण आणि आपल्या कर्नाटकचा द्रविड कसोटीचा चौथा दिवस संपूर्ण खेळले, दिवसभरात एकही गडी पडला नाही. गडी न पडण्याचे काय तुकडे करणार तुम्ही?

मला त्या दोघांत आणि आनंदवाडीच्या त्या खालच्या मल्लात काडीचाही फरक वाटत नाही. बोटे मातीत रुतवून राहणे तेच.

हे मान्य करतो की पाळीत काम करणाऱ्या माणसाला पाच तास बसणे परवडत नाही आणि त्याच्यासाठी तो मोबाईलच मैदान आहे. हेही मान्य करावे लागते की आमची मैदाने पुरुषांनी भरलेली असतात. माझी आई आयुष्यात एकदाही आखाड्याच्या कडेला बसली नाही. तिला खेळ दिला तो टीव्हीनेच. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये नवी मुंबईत महिला विश्वचषकाचा अंतिम सामना पावसामुळे दोन तास उशिरा सुरू झाला, तेव्हा ती माझ्या मुलीला मांडीशी घेऊन थांबली होती, आणि दीप्ती शर्माने पाचवा बळी घेऊन सामना संपवला तेव्हा मध्यरात्र झाली तरी दोघी जाग्या होत्या. त्या दोघींना मी प्रेक्षक म्हणतो. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक जिंकले ते इकडच्या कोणाच्याही डोळ्यांनी पाहिले नव्हते, तरी लोकांनी त्यांच्यासाठी बैलगाड्या जुंपल्या. डोळ्यांसमोर घडत असलेले ज्यांना पाहवत नाही, त्यांना मी काय म्हणावे?

वर्ष वर्ष मेहनत केलेली पोरे असतात ती. पहाटे उठून हजारो जोर-बैठका, बापाने म्हैस विकून भागवलेला खुराक, आणि त्यांच्या कुस्तीला पंधरा मिनिटे देण्याइतकी तुमची मांडी स्थिर नाही? शिट्ट्या कसल्या वाजवता? येळ्ळूर-कडोलीच्या बाजूचे, खानापूरकडचे जुने लोक मला ठाऊक आहेत. मराठी असोत की कन्नड, चांगली पकड झाली की एकाच वेळी त्यांच्या तोंडून हुंकार निघायचा. एरवी सारे मैदान गप्प असायचे.

तो तरुण वाईट नव्हता, हे लिहिता लिहिता जाणवते आहे. उठताना त्याने मला हात दिला, माझी पाण्याची बाटली विसरली होती ती आणून दिली. बहुधा त्याचा सदरा धरून त्याला कोणी बसवले नसेल.

घरी आलो तेव्हा अप्पा खुर्चीत बसून आयपीएलच पाहत होते. आता त्यांना मैदानापर्यंत येववत नाही. त्यांनी टीव्हीचा आवाज बंद केला आणि विचारले, ‘एक नंबरची किती वेळ चालली? खाली कोण होता? कसा धरून राहिला?’ पंधरा मिनिटे, दावणगेरेचा, एवढे सांगितले. तिसऱ्या प्रश्नापाशी अडलो. शेवटची तीन-चार मिनिटे मी त्या पोराशी वाद घालण्यात घालवली होती आणि मातीकडे पाहिलेच नव्हते.